बुधाजी चुकत नाहीत

अवधूत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पैसे मागायला गेला आणि मुंबईच्या एका धर्मादाय फाउंडेशनने ते मंजूरही केले. फक्त ऑपरेशन न करण्यासाठी.

अवधूत नवीन पनवेलच्या नेत्रसेवा मंडळाचा चिटणीस. त्याचा पहिलाच रुग्ण गव्हाणचे बुधाजी कोळी. दोन्ही डोळे गेलेले. पूर्वी नावाची नात चार वर्षांची झाली, तरी तिचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

घोळ पाहणीच्या दिवशी झाला. रुग्णाला खरंच दिसत नाही ना, हे बघायला फाउंडेशनचे सत्यजीत साहेब आले. साहेब पाहुणे, त्यात शहरातले. बुधाजींनी जिताडा माशाचा काटा न् काटा बोटांनी काढून तुकड्या त्यांच्या पानात वाढल्या. साहेबांनी अहवालात लिहिलं, ‘दृष्टी नसूनही दिसते. उपचार थांबवून संशोधन करावे.’

अवधूतने नियम वाचले. “चाचणीत एक उत्तर चुकलं की संशोधन बंद, ऑपरेशन सुरू. काका, हातात मासा देतील. कुठलाही असो, पापलेट म्हणा.”

“त्यात काय? म्हनतो की.”

चाचणीला साहेबांनी मासा दिला. बुधाजींनी तो चाचपला. बायको गुणाबाईने मागून कोपर मारलं. बुधाजींना घाम फुटला.

“पा... पा... नाय जमत. जिताडा हाय. खाडीचा नाय, तलावातला. आनि साहेब, तुमाला फशिवलंय. शिळा हाय.”

साहेबांनी आदराने बरोबरची खूण केली.

“एक खोटं बोलवत नाय या मान्साला!” गुणाबाई अवधूतवर करवादली.

शेवटच्या प्रश्नाला साहेबांनी पूर्वीला समोर उभं केलं. “ही कोण?”

“पूर्वी. आमची नात.”

“बरोबर. दिसते कशी?”

बुधाजींनी हात पुढे केला, मग मागे घेतला. “त्ये तुमीच सांगा. चार वर्सं सगल्यांना इचारतोय. कोन म्हनतो बापावर गेलीय, कोन म्हनतो आजीवर.”

साहेबांनी एकदा पूर्वीकडे पाहिलं आणि पेन्सिलीने फुली मारली.

“चुकलात, काका!” अवधूत ओरडला.

“चुकलो कुटं? खरं त्येच बोललो.” बुधाजी साहेबांकडे वळले. “लिवून ठेवा. पट्टी सोडताना समोर पोरगी पायजे.”

“आनि मी?” गुणाबाईने विचारलं.

“तुला पायलंय गं लय येळा,” बुधाजी म्हणाले. “पन तू शेजारीच बस. ताडून बगायला लागंल.”