उष्टी हळद आणि राहिलेली अर्धी ओळ

सकाळी साडेआठ वाजता कासू गावात, सुरभीच्या लग्नाच्या मांडवात, उष्टी हळद गुलाबी झाली.

अख्खी नव्हे, चमचाभर. पण एवढ्या वर्षांच्या वार्ताहरकीत एक गोष्ट कळली आहे, गावात बातमी चमच्यात मावत नाही. आणि माझी एकही बातमी आजवर मागे घ्यावी लागलेली नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो!

त्याच सकाळी माझी बातमी छापून आली होती. आमच्या शाळेच्या किमया मॅडमनी रसायनशास्त्र दोन रीतींनी शिकवून पाहिलं. नववी 'अ'ला फळ्यावरून, पाठांतराने. नववी 'ब'ला हाताने प्रयोग करून. मुलांना गोडी कशाने लागते, हा प्रश्न. मी उत्तर मथळ्यातच देऊन टाकलं : ''ब' तुकडीला लागली रसायनाची गोडी!' सुरभीचा भाऊ साईराज 'ब'मधलाच. दोघंही माझ्या बहिणीची मुलं. कात्रण दाखवत मी मांडवभर फिरत होतो.

तेवढ्यात खांब गावाहून नवऱ्याच्या आत्या, हौसाबाई, उष्टी हळद घेऊन टेम्पोतून उतरल्या. नवऱ्याला लावून उरलेली ही हळद आल्याशिवाय नवरीच्या अंगाला बोट लागत नाही, आणि मुहूर्त दुपारचा. आत्या चहाला टेकल्या. साईराजने ताटातली चमचाभर हळद वाटीत घेतली आणि वर न्हाणीतल्या अ‍ॅसिडचे थेंब टाकले.

"गुलाबी! भेसळ! हळदीत भेसळ हाय!"

डीजेवाल्याने आपणहून आवाज बंद केला. असं पेण तालुक्यात पूर्वी घडल्याची नोंद नाही.

"भेसळ?" आत्या उठल्या. "माझ्या परसातली हळद, माझ्या हातानं कुटलेली! जितेश, ताट उचल. टेम्पो फिरव!"

"आत्याबाय, पोर हाय ते," सुरभीचे वडील, महिपतीदाजी, हात जोडून म्हणाले.

"पोर नाय, फौजदार हाय!"

सुरभी आतून धावत आली. "साया, माझं लगीन मोडलं ना, तर तुझी पाठ गुलाबी करीन! बिगर अ‍ॅसिडची!"

टेम्पोवाल्या जितेशने ताट उचललंही. इतक्यात शेजारच्या अमीनाभाभींची उमामा पुढे झाली. ती नववी 'अ'ची. तिने डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं, "पाणी घातल्यावर गुलाबी रंग गेल्यास हळद शुद्ध, टिकल्यास भेसळयुक्त!" मग डोळे उघडून विचारलं, "साया, पाणी घातलंस?"

"पाणी? पाण्याचं कुठं सांगितलं आमाला?"

मी मॅडमना फोन लावला.

"सांगणारच होते हो! पण गुलाबी झाल्यावर पोरं अशी नाचायला लागली, की तेवढ्यात बेल झाली!"

म्हणजे 'ब'ने अर्धाच प्रयोग पाहिला होता, आणि 'अ'ने पूर्ण ओळ पाठ करून काहीच पाहिलं नव्हतं!

"घाल गो पाणी," आत्या गुरकावल्या.

"किती घालू?" उमामाने विचारलं. "ते पुस्तकात नाय." डोळे बशीएवढे झालेले. "मामा, मी हे कधी बघितलंच नाय!"

तिने पाणी ओतलं. गुलाबी रंग फिकट झाला, विरला, वाटीत पिवळं पाणी उरलं. मांडवाने एकदम श्वास सोडला. जितेशने ताट खाली ठेवलं. दाजी डोळे पुसायला लागले.

"बघितलंत?" आत्या म्हणाल्या. "आता तुमची काढा."

आमची म्हणजे पाहुण्यांना लावायला पेणच्या बाजारातून आणलेली, पिवळीधमक. साईराजने थेंब टाकले. गुलाबी! उमामाने पाणी ओतलं. गुलाबी! आणखी ओतलं. तरीही गुलाबीच!

"पाणी कमी पडलं," साईराज म्हणाला.

"ओळ संपली," उमामा म्हणाली.

लग्न खांबच्या हळदीवर वेळेत लागलं. संध्याकाळपर्यंत वाटीतला गुलाबी ऐवज लोणच्याच्या काचेच्या बरणीत गेला आहे आणि रंग टिकून आहे. दोन्ही तुकड्या बरणीभोवती उकिडव्या बसल्यात, कोणी जेवायलाही उठत नाही. मॅडम पेणहून निघाल्यात. संपादकांना उद्यासाठी पाठपुरावा हवा आहे.

"ही हळद आणली कोणी?" असं विचारत हौसाआत्या मांडवात फिरताहेत. पावती माझ्या खिशात आहे, पण माझ्यापर्यंत त्या अजून पोचलेल्या नाहीत.