आप्पामामाची वजाबाकी

आमच्या आप्पामामानं त्या एका उन्हाळ्यात गणित शिकवायच्या जितक्या पद्धती बदलल्या, तितके सदरे त्यानं जन्मात बदलले नसतील. सदरा एकच होता आणि धुवायला पाणी नव्हतं, हा भाग वेगळा. पण पद्धत मात्र कायम नवी करकरीत. सकाळी तो माझ्यासमोर मांडी घालून बसायचा, पाटीवरचं कालचं गणित बघायचा, 'च्यक्' करायचा आणि जाहीर करायचा, "हे फेल. दुसरं काढू."

फेल मी नाही बरं का, पद्धत फेल. माझं उत्तर चुकलं की शाळेत छडी मिळायची. मामाकडं उत्तर चुकलं की गूळ मिळायचा. तो कसा, ते सांगते.

साल दुष्काळाचं. गावात चारा नाही, विहिरीत पाणी नाही. तेलगावच्या अलीकडं एका माळावर सोसायटीनं गुरांची छावणी घातली होती. जनावरं तिथं, म्हणून माणसंही तिथं. आई, अण्णा, मी, दोन बैल, एक गाय, असं आमचं बिऱ्हाड एका ताडपत्रीखाली पडलेलं. शाळा मागं गावात राहिली. मला त्याचं दुःख झालं म्हणाल तर काडीचंही नाही. वजाबाकी येत नाही म्हणून मला तिसरीत बसवून ठेवलं होतं. हेडमास्तरांनी अण्णांना सांगितलं होतं की जूनमध्ये पोरीला घेऊन या, वजाबाक्या घालून बघतो, जमल्या तर चौथीत बसवू.

अण्णांनी माळावर खुंट्या ठोकता ठोकताच त्याचा निकाल लावला. "जमल्या तर शाळा. न्हाई तर गुरं हायतच." माणूस वाईट नव्हता हो. दुष्काळात घरातल्या प्रत्येक गोष्टीकडं बघून माणूस विचार करतो, ही कशाला पोसायची? माझ्या शाळेचा नंबर लागला, एवढंच.

नेमका त्याच आठवड्यात मामा आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सहकारी साखर कारखान्यावर उसाच्या बैलगाड्या रांगेत लावायचं काम करायचा. त्या साली ऊसच नव्हता, कारखान्याचं धुराडं गार, म्हणून सायकलला गुळाची ढेप बांधून बहिणीकडं आला. लग्न झालेलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "रांगेत हाय." जेवायला वेळ असला तरी रांगेत, पाऊस लांबला तरी तोही रांगेत. सदऱ्याच्या खिशाला मात्र सदा एक निळं पेन. पेनवाला माणूस म्हणून छावणीतले लोक त्याला 'साहेब' म्हणायचे, आणि तो नाही म्हणायचा नाही.

अण्णांचं बोलणं त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सायकल हाणत माजलगावला गेला आणि पाटी-पेन्सिल घेऊन आला. "दाजी," तो अण्णांना म्हणाला, "जूनपस्तोर ही पोरगी माझ्याकडं." अण्णा म्हणाले, न्या बाबा, तेवढीच पीडा कमी.

आता आमच्याकडं पाटीपूजन होतं दसऱ्याला, वर्षातून एकदा. मामाकडं दर नव्या पद्धतीला पाटीपूजन. पाटीवर मी एक-एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, मामा हळदीकुंकू वाहायचा आणि गुळाचा खडा हातावर ठेवायचा. आजूबाजूच्या ताडपत्र्यांतली पोरं बरोबर त्या वेळेला हजर. गणित सुरू झालं की सगळी गायब. मीही गुळाच्या आशेनं एकदोन पद्धती मुद्दाम फेल पाडल्या असतील, आता कशाला खोटं बोलू.

पहिली पद्धत गोवऱ्यांची. दहा गोवऱ्यांची चळत म्हणजे एक दशक. फार झकास चाललं होतं, पण आईला भाकरी थापायच्या असायच्या. ती यायची, हाताला लागेल ते दशक उचलायची आणि चुलीत घालायची. मामा केविलवाण्या आवाजात म्हणायचा, "आक्का, उत्तर जाळलंस बघ." आई म्हणायची, मग खा उत्तर, भाकरी मागू नको. पद्धत फेल.

दुसरी जनावरांची. बैल म्हणजे दहा, शेळी म्हणजे एक. शेळ्या शेजारच्या दगडूआबाच्या. वजा करायच्या शेळ्या मी माळापलीकडं हाकलायची. पण चारा अलीकडं, शेळ्या काय पलीकडं थांबतात होय? उत्तर लिहीपर्यंत वजा केलेलं सगळं परत येऊन रवंथ करत बसायचं. पद्धत फेल. पाटीपूजन. गूळ.

मग मामानं दगडूआबालाच गुरू केलं. आबा निजामाच्या वक्ताला शिकलेला म्हातारा. शेळ्यांमागं हिंडतानाही तोंडात पावकी-निमकीचे पाढे. त्यानं हातच्याची जुनी रीत सांगितली. समजा, बावन्नातून सतरा काढायचे. दोनातून सात जात नाहीत. मग वर बारा मानायचे, बारातून सात गेले पाच. त्या बदल्यात खालच्या एकाचे दोन करायचे. पाचातून दोन गेले तीन. पस्तीस. मामा मान डोलवत म्हणाला, "आसं हाय व्हय." तो माझ्यापेक्षा मन लावून ऐकत होता, पण तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

ही रीत माझ्या अंगवळणी पडतेय न पडतेय तोवर मामा पुन्हा माजलगावला गेला आणि एक गाईड घेऊन आला. गाईडात नवीच रीत. खालच्या आकड्याला हात लावायचा नाही. वरच्या शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा, म्हणजे पाचाचे चार. चारातून एक गेला तीन. तेच पस्तीस. पाटीपूजन झालं, गूळ झाला आणि इथूनच माझी खरी वाट लागली.

मी आज्ञाधारक पोरगी. आबाचं ऐकून खालच्या एकाचे दोन केले, गाईडाचं ऐकून वरच्या पाचाचे चार केले. चारातून दोन गेले दोन. पंचवीस. दुसरं गणित, दहा कमी. तिसरं, दहा कमी. मामा गाईडच्या मागची उत्तरं बघायचा, पाटी बघायचा आणि डोकं धरायचा. "आगं, हे दहा जातात कुठं?" त्यानं पाटी बदलली. पेन्सिल बदलली. मला पूर्वेकडं तोंड करून बसवलं. आबा म्हणे रीत बरोबर हाय, गाईड म्हणे रीत बरोबर आहे, आणि उत्तर काही केल्या येईना. अण्णा बैलांना पेंड्या टाकता टाकता म्हणाले, "छावणीत काय पुरं येतंय? पेंड्या बी कमीच असत्यात."

ते हसले, पण मला रडू फुटलं. वळीव एकदा पडून गेला होता, जून तोंडावर आला होता. शेजारच्या ताडपत्रीतली एक पोरगी शेण गोळा करताना मला रोज दिसायची, तिची शाळा मागच्याच साली सुटली होती. मी पाटी बाजूला ठेवली आणि शाळेत ऐकलेलं वाक्य म्हणाले, मामा, माझ्या डोक्यात शिरतच न्हाई.

मामा माझ्यावर चिडला तो आयुष्यात तेवढाच. "हे कुनी शिकिवलं तुला? पुन्यांदा म्हनायचं न्हाई." मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पद्धत चुकली, पोरगी न्हाई."

दुसऱ्या दिवशी टँकर यायचा होता. टँकरच्या आधी सगळ्यांची टिपाडं, म्हणजे पाण्याची पिंपं, आणि घागरी रांगेत लागायच्या. लावायचं काम अर्थातच मामाकडं, कारखान्यावरचा अनुभव ना. रांग लावता लावता तो थबकला आणि मला हाक मारली. एक टिपाड म्हणजे दहा घागरी. खरं तर जास्त मावायच्या, पण मामा म्हणाला, वरच्या सांडल्या समज. पाच टिपाडं आणि दोन घागरी त्यानं बाजूला काढल्या, सगळं भरलेलं समजायचं. ह्यातल्या सतरा घागरी आबाला द्यायच्या. दे.

घागरी दोन, द्यायच्या सात. मी एक टिपाड फोडलं, म्हणजे मनातल्या मनात दहा घागरींत ओतलं, आणि ते रिकामं टिपाड लांब सरकवलं. बारा घागरींतल्या सात आबाच्या, पाच राहिल्या. चार टिपाडांतलं एक आबाचं. सवयीनं मी दुसऱ्यालाही हात घातला आणि माझा हात तिथंच थांबला. आबा टिपाडावर टेकून टकामका बघत होता.

"मामा," मी म्हणाले, "आबाला दुसरं टिपाड कावून द्यायचं? एक फोडलंय न्हवं आपण. एकदाच फोडायचं. आपण दोनदा फोडतोय."

टँकर आला, लोकांची झुंबड उडाली, तरी मामा उकिडवा बसून टिपाडांकडं बघत होता. मग म्हणाला, "पुन्यांदा सांग." मी सांगितलं. "अजून एकदा, सावकाश." सांगितलं. त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली. इतक्या दिवसांत मी त्याला कधी आकडा लिहिताना पाहिलं नव्हतं. तो कायम म्हणायचा, तू लिही, मी बघतो. त्यानं पाटीवर बावन्न लिहिले, खाली सतरा लिहिले, ओठ हलवत हलवत वजाबाकी केली. पस्तीस.

"ह्याच गणिताला मला शाळंतून उठिवलं व्हतं," तो म्हणाला. "मास्तर म्हनले, ह्याच्या डोक्यात शिरत न्हाई. बानं दुसऱ्या दिशी बैलामागं लावलं. माझ्या वक्ताला कुनी पद्धतच बदलली न्हाई गं."

मग कळलं की आबाकडं शिष्य म्हणून मी एकटी बसत नव्हते. गाईडही एकटीसाठी आणलेलं नव्हतं. आम्ही दोघं एकाच वर्गात होतो, फक्त त्यातल्या एकाच्या खिशाला पेन होतं.

आता मी केजला असते. माझी लेक एका पुस्तकाशी अडली की मी दुसरं आणते, ते नाही जमलं तर तिसरं. शेजारणी म्हणतात, बाई, पोरीला घरी किती गं शिकवतेस, आणि पुस्तकं तरी किती बदलशील? मी गुळाचा खडा फोडते आणि लेकीला पाटीवर सरस्वती काढायला लावते. माझं जे काही बरं झालं, शिकले, पायावर उभी राहिले, ते त्या माळावरच्या माणसामुळं. त्याचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. राहू देत अंगावर.

त्या जूनमध्ये अण्णा मला हेडमास्तरांकडं घेऊन गेले. मामा आत आला नाही. शाळेच्या लिंबाखाली सायकल धरून उभा राहिला. मी बाहेर आले तेव्हा अण्णा आत माझं चौथीत नाव घालत होते. मामानं पास का नापास, विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "कंचं गणित घातलं?"

मी सांगितलं, त्र्याऐंशीतून सत्तेचाळीस.

त्यानं सायकल लिंबाला टेकवली, काटकी घेतली आणि खाली बसून मातीत गणित मांडलं. आठाचे सात केले. खालच्याला हात लावला नाही. छत्तीस लिहून त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघत राहिला, मी बोलायची वाट बघत.

मी वाकले आणि बोटानं छत्तीसपुढं बरोबरची खूण केली.

अण्णा बाहेर आले, आम्ही निघालो. मामानं सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि त्या आकड्यांना वळसा घालून तो रस्त्याला लागला.