काळी पाचमध्ये ओरडणारी गाडी

एस्किल नुर्डलांडर सकाळची कॉफी कपात ओतत होते, तेवढ्यात खालच्या आवारात ती गाडी पुन्हा केकाटायला लागली. बाहेर उणे सव्वीस. पितेओ गावच्या चर्चमध्ये एकतीस वर्षं ऑर्गन वाजवून निवृत्त झालेल्या माणसाला एक वेळ गोंगाट चालतो, पण चढा सूर चालत नाही. दोन दिवस त्यांनी कानावर उशी दाबून काढले. तिसऱ्या दिवशी मात्र पायजम्यावरच कोट चढवला आणि टोपी विसरून ते तरातरा जिना उतरले.

गाडी होती तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या गुन्वोर लिडस्ट्रम यांची. साठी उलटलेल्या, धिप्पाड बाई. काचेवरचा बर्फ खरवडत उभ्या होत्या.

"तुमची गाडी काळी पाचमध्ये ओरडतेय," एस्किल म्हणाले.

"बरं. कशात ओरडायला हवी?"

"पांढरी एक. फार तर पांढरी दोन."

"मग आणा की खाली," बाई म्हणाल्या आणि पुन्हा काच खरवडू लागल्या.

भांडायला म्हणून आलेल्या माणसाची मोठीच पंचाईत झाली. परत फिरावं तर नामुष्की. चर्चच्या गायकवृंदात कुणी सूर चढवला, की एस्किल त्याच्या खांद्यावर हात ठेवून खरा सूर गुणगुणत. दुसरं काहीच येत नसल्यामुळे त्यांनी तेच केलं. बॉनेटवर तळहात टेकवला, डोळे मिटले आणि पांढरी एक धरली.

तीन मिनिटं गेली असतील. गाडीचा आवाज हळूहळू उतरला आणि शेवटी मांजरीसारखी गुरगुर तेवढी उरली. एस्किलनी डोळे उघडले. तिथे सगळ्यात जास्त चकित कुणी झालं असेल, तर तेच.

"कमाल आहे तुमची," बाई म्हणाल्या. "उद्या येणार?"

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, टोपी घालून गेले. गाडी पुन्हा चढलेलीच होती, पुन्हा उतरली. आठवड्याभरात सोसायटीचे अध्यक्ष फोल्के रानेहिल यांच्या नजरेत हा प्रकार आला.

"माझीपण बघा ना जरा," ते म्हणाले. "मेकॅनिक म्हणतो काही झालेलं नाही. इतकी किंचाळते, आणि म्हणे काही झालेलं नाही."

"मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, फोल्के."

"ते त्याला कळतं म्हणतो ना, त्याचा काय उपयोग झाला?"

फोल्केंची गाडीही उतरली. मग काय विचारता. फेब्रुवारी उजाडेपर्यंत रोज पाच गाड्या झाल्या. फोल्केंनी जिन्यात सूचना लावली: 'थंड इंजिनं: श्री. नुर्डलांडर, साडेसहा ते आठ.' लोक दालचिनीचे पाव आणून देऊ लागले. एस्किल आधी बिचकत, पण एकही गाडी हट्टाला पेटेना, तेव्हा त्यांनाही वाटू लागलं की आपल्या हातात काहीतरी आहे. जितकी थंडी जास्त, तितकं जास्त वेळ गुणगुणावं लागतं, हा शोधही त्यांनी लावला. तरी साडेसहाची पहिली गाडी गुन्वोरबाईंचीच, आणि तिच्यापाशी ते गरजेपेक्षा थोडा जास्तच वेळ रेंगाळत.

मग तो रविवार आला. गायकवृंदाला लुलेओच्या मेळ्याला घेऊन जाणारी चर्चची बस सुरू झाली ती बेंबीच्या देठापासून ओरडतच. बसमध्ये चौदा बाया, एकीचंही बोलणं दुसरीला ऐकू जाईना. गाडी चालवायला स्वतः पाद्रीण रॅग्नहिल्डबाई बसल्या होत्या.

"एस्किलला बोलवा," कुणीतरी म्हणालं.

एस्किलनी हातमोजा काढला आणि तळहात टेकवला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बस तसूभर उतरेना. बायांनी खिडक्या खाली करून त्यांच्या सुरात सूर मिसळला. फोल्के म्हणाले, "दोन्ही हात लावून बघा." दोन्ही हात लावले. बोटं निळी पडली, घसा बसला, आणि एकतीस वर्षांची अब्रू चर्चच्या आवारात सगळ्यांदेखत गोठत चालली.

गर्दीतून गुन्वोरबाई पुढे झाल्या. त्यांनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा."

रॅग्नहिल्डबाईंनी खाली आपल्या जाडजूड बुटाकडे पाहिलं. "अगं बाई. बंद पडू नये म्हणून दाबून धरला होता."

पाय निघाला, बस शांत झाली. बायांनी टाळ्या वाजवल्या, त्या एस्किलसाठी.

गुन्वोरबाईंबरोबर घरी चालत जाताना एस्किलनी निळी बोटं हातमोज्यात कोंबली. मग म्हणाले, "तुम्हाला इंजिनातलं कळतं."

"सव्वीस वर्षं बोडेनला लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्यात. थंड इंजिन सुरुवातीला जोरातच फिरतं, एस्किल. तापलं की आपोआप खाली येतं. कुणी गायलं काय, न गायलं काय."

"आणि हे मला दीड महिना सांगितलं नाहीत?"

"पहिल्या दिवशी सांगणारच होते. पण तुम्ही डोळे मिटून इतकं छान गुणगुणत होतात, की म्हटलं, ऐकून तर घेऊ. मग रोजच ऐकावंसं वाटायला लागलं."

एस्किलचे कान लाल झाले. थंडीने नव्हे.

"आता मी कुठल्या तोंडाने येऊ खाली?"

"यायचं तर आहेच. पण बाहेर कुडकुडत कशाला? गाडीत आत बसा. कॉफी आणते."

सोमवारी उणे एकतीस होतं. गुन्वोरबाईंची गाडी काळी पाचमध्ये ओरडत होती आणि ते दोघं आत बसून एकाच थर्मासमधली कॉफी पीत होते. बोलता बोलता गाडी कधी उतरली, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

फोल्केंच्या मात्र आलं. आपली गाडी घेऊन ते मागेच रांगेत उभे होते. ते लगबगीने जिना चढले आणि दिसेल त्याला सांगत सुटले, "आता त्यांना हातसुद्धा लावावा लागत नाही. नुसते आत बसतात."

मंगळवारी सकाळी सहा वाजता आवारात अकरा गाड्या उभ्या होत्या, आणि प्रत्येकीत चालकाशेजारची जागा रिकामी ठेवलेली होती.