शिरीषनं लिहिलेलं चौथं चरित्र

"ऊर्जाचं रेफेरात ना? माझ्यावर सोड! वक्तृत्वात तालुक्यात पहिला आलेला माणूस बसलाय इथे!" शिरीष दांडेकरनं बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

जर्मनीत रेगेन्सबर्गच्या शाळेत चौथीत शिकणाऱ्या त्यांच्या लेकीला वर्गापुढे उभं राहून एका अमेरिकन संगीतकाराची माहिती सांगायची होती. जॉर्ज गर्शविनची! हे रेफेरात, म्हणजे वर्गातलं भाषण, झकास झालं की मार्क वाढणार, मार्क वाढले की पुढच्या वर्षी गिम्नाझियम, म्हणजे हुशार मुलांची वरची शाळा. शिरीषनं लगोलग लायब्ररीतून गर्शविनची मुलांसाठी लिहिलेली तीन चरित्रं आणली आणि पहिलं वाचता वाचताच त्याचा चेहरा पडला.

"अगं विभावरी, हा पोरगा शाळा बुडवून स्केटिंग करत हिंडायचा! रस्त्यात मारामाऱ्या करायचा! आणि पंधराव्या वर्षी शाळाच सोडली!"

"मग?"

"मग काय मग! चरित्रातला मुलगा कसा हवा? आज्ञाधारक! रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारा! आपली कार्टी आधीच गणिताला कंटाळते. उद्या म्हणेल, मीही सोडते शाळा!"

"अरे, झालं ते झालं. आता तू काय त्याला परत शाळेत पाठवणारेस?"

अहो, अगदी तेच केलं की त्यानं! दुसऱ्या पुस्तकातही तोच प्रकार आणि तिसऱ्यात तर स्केटिंगचं पानभर रंगीत चित्र, म्हटल्यावर शिरीषनं तिन्ही पुस्तकं कपाटावर फेकली आणि स्वतःच चौथं चरित्र लिहायला घेतलं. त्यात गर्शविन पहाटे उठून पाढे म्हणू लागला, तापातसुद्धा शाळेत जाऊ लागला आणि परीक्षेआधी आईच्या पाया पडू लागला! ऊर्जाकडून ते सगळं हातवाऱ्यांसकट घोकून घेतलं.

"बाबा, हे खरंच पुस्तकात आहे?"

"मोठ्या माणसांचं असंच असतं, बाळा. हात जरा वर!"

रेफेरातच्या दिवशी दुपारी वर्गशिक्षिका फ्राऊ हुबर यांचा फोन आला. जरा भेटून जाल का? आता कौतुकच होणार! शिरीष कारखान्यातून निघाला तो थेट घरी, कोट चढवला आणि शाळेत हजर.

"हेर दांडेकर, ऊर्जानं सुरुवातीलाच 'सन्माननीय अध्यक्ष महोदय' म्हणून हात जोडले. सगळी मुलं मागे वळून अध्यक्ष शोधत बसली."

"ती आमच्याकडची पद्धत..."

"आल्झो, तर मग गर्शविन आईच्या पाया पडला. तेव्हा एका मुलानं विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

शिरीषला कोटात घाम फुटला. गेलं गिम्नाझियम! पोरीचं वाटोळं केलं आपण!

"वर्गात त्याचं एक चरित्र होतं. ऊर्जानं ते तिथल्या तिथे उघडून वाचलं आणि म्हणाली, 'मी सांगितलं ते चूक होतं, खरं हे आहे.' पुढचं सगळं स्वतःच्या शब्दांत! मी तिला आइन्स दिलाय. सगळ्यात वरचा मार्क!"

"शाळा सोडल्याचंही सांगितलं तिनं?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! तेच तर सगळ्यात रंगवून सांगितलं!"

घरी जाताना बसमध्ये ऊर्जा खिडकीकडे तोंड करून बसली होती. शिरीषनं बराच वेळ घसा खाकरला.

"बाळा, चुकलं माझं. पण तू... म्हणजे शाळेचं काय ठरवलंयस?"

"नाइन, नाही बाबा. मी नाही सोडणार शाळा."

शिरीषला भरून आलं. "शाब्बास! का गं?"

"मी शाळा सोडली, तर तू लिहिलेलं तपासणार कोण?"