घाई काढलेला कॉम्प्युटर

आमच्या घरमालकीण हिराकाकू बिघडलेला कॉम्प्युटर चालू करून देतात, पण परत देताना त्यातली घाई काढून घेतात.

सांगतो. कॉम्प्युटरमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टिम असल्या, की सुरू होताना काळ्या पडद्यावर दोन नावं येतात: कुठली उघडू? खाली उलटे आकडे पळत असतात. आकडे संपले, की तो आपल्या मनानंच पहिली उघडतो. काकूंना नेमकं हेच खपत नाही.

"इचारलंस ना? मग थांब की गुमान! वाढू का म्हणायचं आन् ताट उचलून न्ह्यायचं, ही कुटली रीत?"

त्या आकडेच बंद करतात. कासार आंबोलीतल्या आम्हा भाडेकरूंचे कॉम्प्युटर आता आमच्या उत्तराची वाट बघत बसतात. मी चालू करून आंघोळीला जातो, येऊन बघतो तर हा तसाच! तक्रार करायची सोय नाही. "मास्तर, तुमाला लई घाई," एवढंच ऐकायला मिळतं.

ही विद्या त्यांना मुलानं, सागरनं, परदेशी जाण्याआधी शिकवली. घरच्या कॉम्प्युटरमध्ये एक सिस्टिम आईला, एक स्वतःला, अशी वाटणी करून तो गेला.

यंदा पावसात लाईट सारखी ये-जा करत होती. त्यात काकूंच्याच कॉम्प्युटरवर नावं यायची बंद झाली. नुसता काळा पडदा आणि एक इंग्रजी ओळ. पिरंगुटचा दुरुस्तीवाला म्हणाला, "सगळं पुसून नवं टाकू."

"सागरचं बी?"

"सगळंच जाणार, मावशी."

"मग तूच जा आदी!"

पदर खोचून काकू बसल्या. एका बोटानं टाइप करत डिस्कचा एकेक कप्पा धुंडाळू लागल्या, हरवलेलं वासरू गोठ्या-गोठ्यात बघावं तसं. "हितं न्हाई. हा वळख देत न्हाई. म्होरं." मागे उभा राहून मीही एकेक ओळ वाचत होतो.

"घावलं!"

आणखी दोन-तीन ओळी, एंटर, आणि नावं आली. आई. सागर. मी चक्क हात जोडले. बाई आहे का कोण!

"काकू, सागरचं उघडून बघा, नीट आहे ना."

"मी कंदीच उघडलं न्हाई. त्याचं हाय. आला की उघडंल."

"कधी येतोय?"

"बगू म्हणतो."

त्या चहा टाकायला उठल्या. मी 'आई'वर एंटर मारायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. चा होईस्तवर मी रोज तसंच ठिवते. आकडं असतं, तर माझं उघडून त्याचं नाव गेलं असतं. नाव दिसतंय तवर घरात कुनीतरी हाय, असं वाटतं."

मी हात मागे घेतला आणि खुर्ची ओढून तिथंच बसलो.