मदत हवी का, हौशीताई?

मोखाड्याजवळच्या दिव्यांगांच्या निवासी केंद्रात हौशीला मदतनीस म्हणून कामाला लागून सहा महिने झाले होते. तिला कायम करायचं की नाही, हे ठरवायला आज जव्हारच्या कार्यालयातून प्रमिलाबाई येणार होत्या. हौशी अगदी निर्धास्त होती. इथे राहणाऱ्या आठही जणांच्या अंगी तिने एक नियम मुरवला होता. आधी स्वतः करून बघायचं; आणि समोरचा 'मदत हवी' म्हणत नाही तोवर त्याच्या कामाला हात लावायचा नाही.

आणखी एक नियम कोठीत शिरून धान्य खाणाऱ्या शेळ्यांपायी झाला होता. कोठीच्या खोलीचं दार उघडं दिसलं, की जवळून जाणाऱ्याने बाहेरून कडी घालायची.

सकाळी हौशी नागलीचं पीठ काढायला कोठीत शिरली. मागून सावळा आपल्या चाकाच्या खुर्चीतून आला. दार उघडं दिसलं, त्याने कडी घातली.

"सावळा, मी आत हाय रे. कडी काढ."

"ताई, तुम्ही? आधी करून बघितलं का?"

"बाहेरची कडी आतून कशी निघंल?"

"माझं बटणपण लागत नव्हतं. तुम्हीच म्हणालात, घाई नाय, पाच मिनटं घे."

हौशीने सकूला हाक मारली. सकूला कुठलीही गोष्ट सावकाश समजे, पण एकदा समजली की हलत नसे.

"सकू, तू तरी काढ गं."

"मदत हवी का, ताई?"

आता 'हवी' एवढंच म्हणायचं होतं. पण सहा महिन्यांत हौशीने हा शब्द फक्त दुसऱ्यांकडून म्हणवून घेतला होता.

"मदत कसली? बघते मी माझं."

"जमंल तुम्हाला," सकू मायेने म्हणाली आणि दाराशी बसून राहिली.

हौशी झरोक्याला हात पुरावा म्हणून तांदळाच्या पोत्यावर चढली. पोतं कलंडलं, तिने फळी धरली, फळीवरचा पिठाचा डबा तिच्या डोक्यावर आला. तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

मग बराच वेळ तिला नुसतं ऐकू येत राहिलं. सावळा प्रमिलाबाईंना खोल्या दाखवत होता, हजेरीची वही समोर ठेवत होता. सकूने चहा केला. साखर किती, तेही विचारलं.

"छान चाललंय की," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हौशी कुठंय?"

"कोठीत. प्रयत्न करतायत," सावळा म्हणाला.

प्रमिलाबाई लगबगीने कडीकडे वळल्या. सकू आडवी उभी राहिली.

"बाई, आधी विचारा."

प्रमिलाबाईंनी हात मागे घेतला. मग दाराजवळ तोंड नेऊन त्यांनी गंभीरपणे विचारलं, "हौशी, मदत हवी का?"

आत हौशीने डोळ्यांवरचं पीठ पुसलं.

"हवी," हौशी म्हणाली.

दार उघडलं. भुवयांपर्यंत पीठ माखलेली हौशी बाहेर आली. प्रमिलाबाईंनी पिशवीतून हौशीच्या नोकरीचा कागद काढला आणि सावळाकडे दिला. "यात इथं राहणाऱ्यांचं मत लिहायचं असतं."

सावळाने सकूशी कुजबुज केली आणि जुळवून जुळवून अक्षरं काढली. हौशीने मान लांब करून वाचलं:

'स्वभाव चांगला. कष्टाळू आहेत. मदत मागायला लाजतात. शिकायला वेळ लागेल, म्हणून कायम ठेवावे.'

प्रमिलाबाईंनी खाली सही केली.