बेरेंडच्या गोठ्याचं अनुदान

बेरेंड हेसेलिंकने ठरवलं होतं की गोठ्याचं काम पूर्ण होईपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांचं एक बोटसुद्धा लागू द्यायचं नाही. पैसा प्रांत सरकारचा, कामगार शहरातल्या कंत्राटदाराचे, आणि आपण खुर्चीत बसून नुसतं बघायचं!

"उपकार कुणाचे नाहीत बघ," तो बायकोला, डिनीला, रोज एकदा तरी ऐकवायचा. "डोकं लागतं याला!"

"ते लागतं खरं," डिनी म्हणायची आणि बटाटे सोलत राहायची.

कमरेचं ऑपरेशन झाल्यावर बेरेंडने गाई विकल्या होत्या. आता त्या रिकाम्या गोठ्यात सायकलवरून हिंडणाऱ्या पर्यटकांसाठी खोल्या झाल्या, तरच हे घर टिकणार होतं. नाहीतर सगळं विकून आल्मेलो शहरात जायचं, डिनीच्या बहिणीच्या शेजारी, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. डिनी त्या फ्लॅटला मनापासून घाबरत होती. बेरेंड फ्लॅटपेक्षा मेव्हणीला.

अनुदानाची अट एकच, पण कडक. प्रांत सरकारच्या अधिकारी बाई गुरुवारी येऊन गोठा बघणार, मंजुरी देणार, आणि त्याआधी काम सुरू झालेलं दिसलं तर एक सेंटही मिळणार नाही. म्हणून बेरेंडने गोठ्याला कुलूप लावलं आणि तो किल्ली खिशात घालून हिंडू लागला.

चूक झाली ती डिनीकडून. तिने ही बातमी शेजारणीला, रिकीला, सांगितली. त्यात तरी तिचं काय चुकलं? इथे ट्वेंटेच्या खेड्यांत शेजारी म्हणजे नुसता शेजारी नव्हे, तो नोबर! मूल झालं की पहिली बातमी नोबराला, माणूस गेलं की तीही नोबराला, आणि शवपेटीही तोच उचलणार. नोबर बोलावल्याशिवाय येतो, काम करून जातो, आणि पैशाचं नाव काढलंत तर वर्षभर तोंड दाखवत नाही. अशा माणसांपासून गोठा लपवायचा म्हणजे मांजरापासून दूध लपवण्यासारखंच. डिनीने कॉफी पिता पिता सांगून टाकलं, "गोठ्यात खोल्या करतोय, गुरुवारी प्रांताच्या बाई बघायला येणार." अटीचं मात्र ती सांगायला विसरली.

रिकीने ते नवऱ्याला सांगितलं. तिचा नवरा टोनी लेफेरिंक म्हणजे सर्वांत जवळचा, म्हणजे पहिला नोबर.

"बेरेंडची कंबर अशी, आणि आपल्याला हाक मारायची त्याला लाज वाटते!" टोनी म्हणाला. "गुरुवारी सरकारी बाई येऊन बघणार, तर काम जिथल्या तिथे! लोक काय म्हणतील? इथले नोबर काय मेले?"

बुधवारी बेरेंड आणि डिनी कंबर तपासायला इस्पितळात गेले. दुपारी गाडी घराकडे वळली आणि डिनीने ब्रेक दाबला.

गोठ्याचं अर्धं छप्पर खाली होतं! कौलांच्या रांगा अंगणात, गाई बांधायचे लोखंडी खांब गवतावर, आणि शिड्यांवर, तुळयांवर, ढिगाऱ्यावर आख्खी नोबर मंडळी. कुलूप बिजागरीसकट बाजूला ठेवलेलं होतं, तेसुद्धा व्यवस्थित.

"आश्चर्य!" टोनी वरून ओरडला.

बेरेंडला बोलायचं होतं बरंच. पण नोबर मदतीला आला तर त्याच्यावर ओरडता येत नाही. तो हसला. डिनी म्हणते, ते हसू बघून तिला पुन्हा इस्पितळ आठवलं.

"फार छान," तो म्हणाला. "आता हे सगळं परत जसं होतं तसं लावा."

त्याने अनुदानाची अट सांगितली. मग टोनी म्हणाला, "एवढंच ना? लावतो!"

आणि लावलंसुद्धा! संध्याकाळपर्यंत शेवटचं कौल जागेवर गेलं. फक्त या माणसांना वाईट काम करता येत नाही, ही नवीन अडचण. कौलं लावताना त्यांनी सवयीने धुतली. खांब बसवताना गंज घासला. छप्पर पूर्वी म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखं वाकलेलं होतं, ते आता आखल्यासारखं सरळ!

"टोनी, जरा वाकडं कर रे," बेरेंड खालून विनवू लागला. "चार-पाच कौलं तरी!"

"लेफेरिंकने आजवर वाकडं कौल लावलेलं नाही," टोनी म्हणाला, "आणि तुझ्यासाठी तर मुळीच लावणार नाही."

गुरुवारी बुसिंक बाई आल्या. उंच, शांत, पायात रबरी बूट. टोनी पहिला नोबर या नात्याने हजर होताच, बाकीचे कुंपणापाशी उभे होते. बाईंनी छपराकडे बघितलं. मग बेरेंडकडे.

"अर्जात लिहिलेला मोडकळीला आलेला गोठा तो हाच?"

बेरेंडला खोटं बोलायचं होतं, मनातल्या मनात तयारीही केली होती, पण ऐन वेळी ते जमलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. डिनीने डोळे मिटून घेतले. तिला आल्मेलोचा जिना दिसत होता.

"या कामाचं कंत्राट कुणाला दिलं होतं?" बाईंनी विचारलं.

"कंत्राट?" टोनी मध्येच म्हणाला. "अहो बाई, आम्ही नोबर!"

"पैसे?"

"पैसे?!" टोनीचे कान लाल झाले.

"मग नियमाने काम सुरू झालंच नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या हिशोबी ते कंत्राट दिल्यावर सुरू होतं. अनुदान मंजूर!"

डिनी रडली. अगदी मोकळेपणी, तोंड न झाकता. बेरेंडने टोनीला मिठी मारली, जी ट्वेंटेत सहसा कुणी कुणाला मारत नाही.

"काम झालं की बिलं पाठवा," बाई म्हणाल्या. "प्रत्येक बिलाची निम्मी रक्कम आम्ही देऊ."

"बिलं?" बेरेंडची मिठी सैल झाली. "टोनी, तू आपलं छोटंसं एखादं बिल..."

"बेरेंड!"

"नुसतं नावाला रे!"

"लाकूड माझ्या ओकच्या झाडाचं, खिडक्या पडक्या शाळेच्या, नळ माझा मेव्हणा जोडणार," टोनी म्हणाला. "त्याचं बिल देऊ? मी? तुला?"

"मग मला कंत्राटदार आणावा लागेल."

"जरूर आण!" टोनीने टोपी डोक्यावर दाबली. "आणि उद्या तू मेलास की शवपेटी उचलायलाही त्यालाच बोलाव. बिल मात्र नीट मागून घे!"

बेरेंडने डिनीकडे पाहिलं. डिनीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की कंत्राटदाराचा विषय तिथेच मिटला.

"म्हणजे बिलं नाहीतच?" बाईंनी विचारलं.

"नाहीत," बेरेंड म्हणाला.

"मग शून्याच्या निम्मे," बाईंनी शांतपणे टोपण लावून पेन खिशात टाकलं. "अभिनंदन. इतकं सोपं प्रकरण आमच्याकडे आजवर आलं नव्हतं."

गाडी गेली. कुंपणापासून सगळे एका दमात ओरडले, "बेरेंड, अनुदान मिळालं का?"

"मिळालं!"

"किती?"

बेरेंडने घसा साफ केला.

"नियमात बसतं तेवढं!" तो म्हणाला. "पूर्ण!"